आवाज जुळत नाही

९ फेब्रुवारी

वन्सं,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. माझ्याकडून तुम्हाला ते खोटं वाटलं असतं. नुसतं ‘वन्सं’ बरं. सत्तावीस वर्षं हीच हाक मारत आले.

तुमच्या भावाला जाऊन दीड वर्ष झालं आणि तुमचं-माझं बोलणं बंद होऊनही तेवढंच. त्या दिवशी जिन्यात तुम्ही मला एक प्रश्न विचारलात. मी उत्तर दिलं. तुम्हाला ते पटलं नाही, चपला घालून तुम्ही निघून गेलात. तो विषय आज काढत नाही. पाकिटावरचं अक्षर बघूनच तुम्ही हे बाजूला टाकाल अशी धास्ती होती. पण हल्ली माझं अक्षर माझं मलाच ओळखू येत नाही, तेव्हा त्या जोरावर कदाचित उघडाल.

अक्षराचं कारण हात. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं झोपल्यासारखी झाली आहेत. डाव्याचंही सुरू झालंय. मी अजून त्याच शिवणाच्या कारखान्यात काजं करते. गेल्या महिन्यात मशीनची सुई बोटात गेली आणि मला कळलं ते पांढऱ्या कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा. दुखलं नाही. बोट दुसऱ्या कुणाचं असावं तसं मी त्याच्याकडे बघत बसले. शेजारची मशीनवाली म्हणाली, मावशी, आता तुम्ही दुसऱ्याचंही बोट शिवाल.

नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ह्यांना तपासायच्या त्याच. त्यांनी कागदाची घडी माझ्या बोटांवरून फिरवली, डोळे मिटायला लावले, कुठे लागतंय सांगा म्हणाल्या. मी वाट बघत राहिले. डोळे उघडले तर त्यांचं केव्हाच फिरवून झालं होतं. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झालाय तो त्यांनी मला दाखवला. आता नसांची तपासणी करायची. कातडीवर चकत्या चिकटवून विजेचा बारीक झटका देतात आणि नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. मग स्नायूत सुई घालून बघतात. त्यावरून शस्त्रक्रिया करायची का, कुठे करायची, ते ठरणार. “लवकर करा,” त्या म्हणाल्या. “मेलेली नस परत येत नाही.”

तपासणी आपल्या ऐपतीतली नाही, म्हणून विमा कंपनीची पूर्वमंजुरी लागते. ह्यांच्या वेळी याच मंजुरीसाठी चार महिने गेले होते. ती आली हे गेल्यानंतर नवव्या दिवशी. खाली छापलं होतं, ‘आपणांस उत्तम आरोग्य लाभो.’

माझ्या अर्जाचं उत्तर मात्र आठ दिवसांत आलं. मंजूर नाही, नामंजूरही नाही. स्थगित. कारण जसंच्या तसं उतरवते: ‘याच लाभार्थीच्या याच तपासणीसाठी यापूर्वी एका संशयास्पद व्यक्तीने विमाधारकाच्या नावे दूरध्वनी केला होता. आवाज जुळत नाही.’

म्हणजे माझे यजमान असल्याचं सांगून कुणीतरी कंपनीला फोन केला आणि माझ्या हातांची तपासणी मागितली. मी फोन करून तारीख विचारली. तपास चालू आहे, सांगता येत नाही, म्हणाले.

वन्सं, हातांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. महिन्यापूर्वीपर्यंत डॉक्टरीणबाईंनाही नाही. मग ह्यांच्या नावाने बोललं कोण? तुमच्या घरून तर कुणी फोन केला नव्हता ना, एवढंच विचारायला हे पत्र. रागावू नका. विचारण्यासारखं माझ्याकडे दुसरं माणूस नाही.

तुमची भावजय


१७ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर नाही. येईल अशी खात्री नव्हतीच, तरी पेटी उघडून बघते.

कंपनीकडून एक छापील घोषणापत्र आलं आहे. ‘सदर दूरध्वनी करणारी व्यक्ती माझे पती नव्हते व मी तिला ओळखत नाही.’ खाली सहीची रेघ. एवढं सही करून पाठवलं की स्थगिती उठेल, असं सोबतच्या चिठ्ठीत आहे. मी सही केली. त्यात खोटं काय? जे नाहीत ते फोन कसा करतील? पेन बोटांत राहीना म्हणून रुमालाने बांधून घेतलं. सही झाली एखाद्या पोराने केल्यासारखी, पण झाली. पाठवून दिलं.

आता लिहावं की नाही असं एक. तुम्हाला वाटेल बाई एकटी राहून भ्रमिष्ट झाली.

दुपारी चार वाजता फोन वाजतो. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि वाजला की चारलाच. कारखान्याची माझी पाळी तीनला सुटते, तेव्हा मी घरी असते. उचलला की आधी कुणी बोलत नाही. विहिरीत तोंड घातल्यावर येतो तसा आवाज येतो. मग एक बाई, जिवंत नव्हे, यंत्रातली, ह्यांचं पूर्ण नाव घेते. आडनावासकट, नीट, थांबून थांबून. आणि म्हणते, आपण स्वतः असाल तर एक दाबा.

मी ठेवून देते.

ह्यांचं पूर्ण नाव आता कुणीही घेत नाही. तुम्ही बाळ म्हणायचा. कारखान्यात काटेवाले म्हणायचे, दुकानांतले वजनकाटे तपासून शिक्का मारायचे म्हणून. मी तर हे, अहो यातच आयुष्य काढलं. त्या यंत्राला तेवढं पाठ आहे.

परवा वाचनालयातून नसांवरचं जाडं पुस्तक आणलं. तुम्हाला माहीत आहे, मी लग्नानंतर वाचायला शिकले, वजनांवर कोरलेली अक्षरं बघून. ‘शंभर ग्रॅम’ हे माझं पहिलं वाक्य. तेव्हा हे हसले होते, तुम्ही दोघं भावंडं हसता तसे, नाकातून दोनदा आणि मग जरा थांबून एकदा, जणू तिसरं विसरलं होतं. पुस्तकात लिहिलं आहे की हात कापून टाकलेल्या माणसालाही त्या हाताची बोटं जाणवत राहतात. मेंदूला कुणी कळवलेलं नसतं. मी पुस्तक तिथेच मिटलं.

तुमची भावजय


२ मार्च

वन्सं,

मंजुरी आली. तपासणी चौदा तारखेला, सकाळी दहाला. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांनाही बरं वाटलं.

आज हे एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते.

मंजुरीच्या मागे एक पान जोडलेलं आहे. ‘आपल्या घोषणापत्रानुसार खालील दूरध्वनीची नोंद फसवणूक म्हणून बंद करण्यात येत आहे.’ आणि त्यापुढे तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठल्या क्रमांकावरून.

क्रमांक आपल्या घरचा आहे. तारीख हे गेले त्याच्या आधीच्या गुरुवारची. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. सात मिनिटांचा फोन.

हे गेले बुधवारी. म्हणजे सहा दिवस आधी.

त्या गुरुवारी मी दहा ते एक घराबाहेर होते. ह्यांचेच कागद घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी. बाहेरून कडी लावून गेले होते, कारण ह्यांना उठून दार लावता येत नव्हतं. खुर्ची खिडकीपाशी, पाटी आणि खडू मांडीवर. फोन तिथून चार हातांवर, तिपाईवर.

चार हात वन्सं. त्या आठवड्यात त्यांना चमचा तोंडापर्यंत नेता येत नव्हता.

मी परत आले तेव्हा खुर्ची तिपाईला लागलेली होती. मला वाटलं मीच सरकवून गेले असेन. रिसीव्हर त्याच्या जागी होता, पण उलटा ठेवलेला, वायर वर आलेली. आणि ओला होता. बोलायचा भाग ओला होता. मी फडक्याने पुसला आणि भात टाकायला आत गेले. दीड वर्षात हे मला एकदाही आठवलं नाही. ती तारीख वाचली आणि बोटांना तो ओलेपणा लागला. ज्या बोटांना आता काही लागत नाही त्यांना.

त्या संध्याकाळी ह्यांनी पाटीवर लिहिलं, ‘हात दाखव’. मला वाटलं धरायला मागतायत. मी माझा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून उजेडात धरला आणि अंगठ्याखाली बघत राहिले. मी हसून म्हटलं, भविष्य सांगताय का?

मी अकरा तारखेला कंपनीच्या कचेरीत जाणार आहे.

भावजय


११ मार्च

वन्सं,

आज गेले होते. हे पत्र लांबेल. रुमाल दोनदा सुटला, पुन्हा बांधला आहे. अक्षर लागेल तेवढं वाचा.

तक्रारींचं काम एका बाईंकडे आहे. माझ्याच वयाच्या. सर्दीने नाक लाल झालेलं, गळ्यात दोन चष्मे. शेजारी बरणीत आल्याचे तुकडे होते, त्यांनी मलाही एक दिला. सगळं सावकाश ऐकलं. मग पडद्यावर बघत म्हणाल्या की गंमतच आहे, इकडच्या पानावर तुमचे यजमान मयत आहेत. मृत्यूचा दाखला लावलेला आहे. आणि ह्या पानावर...

त्यांनी दुसरा चष्मा लावला.

“ह्या पानावर, काल दुपारी चार वाजता ओळख पटली.”

त्या पडद्यावर खाली खाली वाचत गेल्या. परवा ओळख पटली. गेल्या मंगळवारी ओळख पटली. म्हणाल्या की संशयास्पद फोन झाला की यंत्र आपणहून पडताळणीचे फोन लावत राहतं, मृत्यूची नोंद त्याला वेगळी कळवावी लागते, ती कुणी कळवलेली दिसत नाही. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “काल कोण बोललं?”

वन्सं, सतरा तारखेच्या पत्रात मी लिहिलं की मी ठेवून देते. मी ठेवत नाही. मी एक दाबते.

एक दाबलं की ती बाई वाक्य म्हणायला सांगते. ‘माझा आवाज हीच माझी ओळख आहे.’ मी म्हणते. ती थांबते. मग म्हणते, धन्यवाद, आपली ओळख पटली आहे. त्यावर मी थोडा वेळ तशीच उभी राहते. दीड वर्ष चाललंय हे. पाळी सुटली की कुठे न थांबता घरी येते ती त्यासाठी.

तुम्हाला आता कळलंच असेल. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.

ह्यांचं बोलणं गेलं तेव्हा कंपनीने सांगितलं की विमाधारकाने स्वतः फोनवर बोलावं. हे बोलायला लागले की पलीकडचे ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून द्यायचे. तीन आठवडे असे गेले. माझा आवाज मुळातला भसाडा, लहानपणापासून चिडवलेला. एक दिवस मी रिसीव्हर घेतला आणि ह्यांच्यासारखं बोलले. घशातून, शब्द जरा ओढून. काम झालं. पुढे कंपनीने आवाज नोंदवायची पद्धत आणली, तेच वाक्य तीनदा म्हणायचं. हे समोर बसले होते. मी तिसऱ्यांदा म्हटलं आणि हे हसले, तसेच, नाकातून. त्या दिवसापासून कंपनीच्या दप्तरी माझा आवाज म्हणजे तुमचा भाऊ.

तिथवर ठीक होतं. मग रविवारी तुमचा फोन आला. ह्यांनी पाटीवर लिहिलं, ‘तिला कळायला नको’. आवाज लागलाच होता. मी बोलले. तुम्ही म्हणालात, बाळ, घसा बसलाय का रे? मी म्हटलं, जरा बसलाय. तुम्ही हळदीचं दूध घे म्हणालात.

असे सात रविवार.

ह्यांनी लिहिलं होतं ते फक्त पहिल्या रविवारी. पुढचे सहा माझे. तुम्ही लहानपणचं काहीबाही बोलायचा, विहिरीवरचं, वडिलांच्या सायकलचं. मी हं हं करायचे आणि मला माहीत नसलेला नवरा मला कळायचा. मला ते सोडवेना. खरं ते हे.

शेवटच्या रविवारी तुम्ही म्हणालात, मी येते उद्या, तिकीट काढते. ह्यांनी ऐकलं. खडू धरता येत नव्हता, मुठीत आवळून त्यांनी लिहिलं, ‘बोलव’. मोठं, पाटीभर. मी ते वाचलं. आणि त्यांच्याच आवाजात तुम्हाला सांगितलं, “येऊ नकोस ताई, मी बरा आहे.” तुम्ही आला असतात तर पहिल्या शब्दाला सगळं उघडं पडलं असतं. मी स्वतःला वाचवलं. हे समोर बसून स्वतःला नाही म्हणताना ऐकत होते. मग त्यांनी पाटी पालथी घातली. बुधवारी गेले.

जिन्यात तुम्ही विचारलंत, रविवारी बोलला तो कोण होता? मी म्हटलं, तुमचा भाऊ.

आता कचेरीतलं. बाईंनी विचारलं, काल कोण बोललं. मी पाणी मागितलं, प्यायले आणि ते वाक्य म्हटलं. ह्यांच्या आवाजात. दाराशी पहारेकरी उभा होता, त्याने वळून आत बघितलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, मग टेबलाच्या पलीकडे. पुरुष कुठे बसलाय ते शोधत होता. बाईंनी हातातलं आलं खाली ठेवलं.

बराच वेळ त्या नाक पुसत होत्या. मग उठून दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “हे मी ऐकलं नाही. तुमची सही आलेली आहे, मंजुरी निघालेली आहे. चौदाला जा, हात दाखवा, मोकळ्या व्हा.”

मी म्हटलं, तो गुरुवारचा फोन ऐकवा.

त्यांनी ऐकवला. कानावर लावायचं यंत्र दिलं. सात मिनिटं. त्यात काय आहे ते मला लिहायचं नाही, कारण पुढे सांगते. जे कागदावर आधीच आहे तेवढं लिहिते. त्यांनी माझ्या तपासणीसाठी फोन केला होता. स्वतःसाठी नाही. यंत्राने त्यांना ते वाक्य म्हणायला लावलं, तीनदा. तिन्ही वेळा उत्तर आलं, आवाज जुळत नाही. कसा जुळणार? त्यांच्या जागी मी बसले होते. तिसऱ्यांदा नाकारल्यावर त्यांनी काय केलं, ते शेवटच्या काही सेकंदांत आहे. तेही लिहीत नाही.

मी यंत्र खाली ठेवलं आणि सही परत मागितली.

बाईंनी मला समजावलं, रागावल्या, मग पुन्हा समजावलं. सही मागे घेतली की मंजुरी थांबते. नोंदवलेला आवाज माझा, हे लिहून दिलं की प्रकरण समितीपुढे जातं. समिती विमाच बंद करू शकते. “हात जातील बाई तुमचे,” त्या म्हणाल्या, “आणि कशासाठी? ते तर गेले.”

मला चांगलं बोलता येत नाही. मी एवढंच म्हटलं की ह्यांनी आयुष्यभर काटे तपासले. खोट्या काट्याला खरा असा शिक्का मारा म्हणून लोक मागे लागायचे, ह्यांनी कधी मारला नाही. आणि तुमच्या दप्तरात तेच खोटे आणि मी खरी. जी तपासणी त्यांनी माझ्यासाठी मागितली, ती मी ‘फोन करणारे माझे पती नव्हते’ असं लिहून देऊन करून घेऊ?

त्यांनी सही परत दिली. मी ती तिथेच फाडली. फाडायलाही दात लावावे लागले.

आता चौदा तारखेची तपासणी हुकली. समिती पुढच्या महिन्यात बसेल. माझ्या एकटीच्या म्हणण्याला अर्थ नाही, कारण लाभ माझा आहे आणि खोटंही मीच बोलले आहे. ह्यांचा आवाज लहानपणापासून ओळखणारं, विम्यातून काही न मिळणारं माणूस हवं. त्याने तो फोन ऐकायचा आणि लिहून द्यायचं. साक्षीदाराला त्यात काय आहे ते आधी सांगायचं नाही, असा नियम.

असं माणूस एकच आहे.

हे मी हातांसाठी मागते आहे असं वाटलं तर तेही खरंच आहे. मला माझे हात हवे आहेत. पण तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात की हा माझा बाळ नव्हे, तर तेही लिहून द्या. मला तुमचं चालेल. माझं मला चालेनासं झालंय.

भावजय


२० मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘रविवारी सकाळी अकराला फोनपाशी बसेन.’ मी ते चार वेळा वाचलं, पाठीमागे काही आहे का म्हणून उलटून बघितलं. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. बरोबर आहे.

कचेरीतल्या बाई रविवारी सुट्टी असूनही येते म्हणाल्या. फोन त्या जोडणार. मी तिथे असेन, कारण माझ्यासमोर व्हावं असा नियम आहे, पण बोलणार नाही. ते माझं मीच ठरवलं आहे.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हाताला बांधायच्या पट्ट्या दिल्या आणि म्हणाल्या महिनाभर काजाचं मशीन नको. कारखान्यात मला घड्या घालायला बसवलं आहे. अंगठा अजून हलतो. रोज सकाळी हलवून बघते.

काल चारला फोन वाजला. बाईंनी मृत्यूची नोंद यंत्राला कळवली आहे, ती लागू व्हायला पंधरा दिवस लागतात म्हणे. तेच विहिरीतल्यासारखं, मग ह्यांचं पूर्ण नाव, आणि एक दाबा. मी दाबलं. म्हटलं शेवटचंच. वाक्य म्हणायची वेळ आली आणि मी ते माझ्या आवाजात म्हटलं. भसाड्या, आहे तशा. माझा आवाज हीच माझी ओळख आहे.

ती थांबली. मग म्हणाली, आवाज जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.

मी पुन्हा म्हटलं. आवाज जुळत नाही.

तिसऱ्यांदा म्हटलं. दीड वर्षात पहिल्यांदाच पलीकडून लाइन तुटली. मी रिसीव्हर धरून उभी राहिले. ह्याच घरात, ह्याच तिपाईपाशी, तीनदा नाकारल्यावर माणूस काय करतो ते मला ठाऊक आहे. माझ्या आधी तिथे एकाने ते केलं आहे. तेच मीही केलं, तुम्हा भावंडांसारखं जमलं नाही, आणि मग बसून रडले.

रविवारी सात मिनिटं लागतील. पहिली सहा ऐकायला जड जातील, ऐकवेनासं झालं तरी रिसीव्हर खाली ठेवू नका. शेवटपर्यंत ऐका, एवढंच सांगायची मला परवानगी आहे.

तुम्ही उचलाल तेव्हा पलीकडून कुणी ‘वन्सं’ म्हणणार नाही. जो बोलेल तो तुमच्याशी दीड वर्षात, आणि त्याच्या आधीच्या सात रविवारांत, एकदाही बोललेला नाही. मी तोंडावर हात धरून बसेन. दोन्ही हात.